'काका, पिन सांगू नका, तुम्हीच दाबा!' नवी पेठेतला कॅशियर का वैतागतो?

सोलापूर : लग्नसराईतली शनिवारची संध्याकाळ. नवी पेठेतल्या एका कापड दुकानात बस्ता बांधून झालाय. साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराच्या चादरी पिशव्यांत भरून तयार आहेत. सत्तरीतले एक काका रुमालात गुंडाळलेलं डेबिट कार्ड काउंटरवर ठेवतात आणि रांगेतल्या मागच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात पिनचे चार आकडे सांगून टाकतात. कॅशियर कळवळून म्हणतो, 'काका, सांगू नका, तुम्हीच दाबा.' काकांचं उत्तर ठरलेलं, 'दाबा हो मालक तुम्हीच, चष्मा घरी राहिलाय.'

सोलापुरात समोरच्याला 'मालक' म्हणण्याची पद्धत आहे. रिक्षावालाही मालक, भाजीवालाही मालक. काउंटरमागचा कॅशियर मात्र मालक नसतो. तो महिन्याच्या पगारावरचा माणूस असतो आणि रात्री शटर ओढण्याआधी गल्ला, मशीनचा हिशेब आणि बिलबुक जुळवून देणं त्याच्याकडे असतं. जुळलं तर कुणी विचारत नाही. तूट आली की सगळे त्याच्याकडे बघतात.

ग्राहकांच्या चेक-कार्ड वापरण्याच्या सवयींवर कॅशियर चिडतात, याकडे अनेकदा 'गावाकडच्या लोकांना कळत नाही' म्हणून हसून बघितलं जातं. ते बरोबर नाही. यातल्या काही चुका ग्राहकाच्या आहेत, काही यंत्रणेच्या आहेत आणि काही तर थेट दुकानमालकाच्या आहेत. राग मात्र तिघांचाही एकाच खुर्चीवर निघतो.

पिन सांगितला तर नेमकं काय बिघडतं?

कार्ड मशीनच्या कीपॅडवर दाबलेला पिन मशीनच्या आतच सांकेतिक रूपात बदलतो. स्क्रीनवर फुल्या दिसतात, स्लिपवर पिन येत नाही, दुकानाच्या कॉम्प्युटरलाही तो कळत नाही. थोडक्यात, पिन कुणालाच कळू नये यासाठी सगळी रचना केलेली आहे. ग्राहकानं तो मोठ्यानं उच्चारला की ती रचना एका वाक्यात निकामी होते.

यामागे पैशांचा सरळ हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकानंच पिन कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं.

'घरच्याच माणसाला दिला होता' हेही चालत नाही. बेंगळुरूमधलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसूती रजेवर असलेल्या एका महिलेनं २५ हजार रुपये काढण्यासाठी पतीला कार्ड आणि पिन देऊन एटीएमवर पाठवलं. पैसे बाहेर आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. स्टेट बँकेनं पिन दुसऱ्याला दिल्याचं कारण पुढे करून दावा फेटाळला आणि २०१८ मध्ये ग्राहक मंचानंही बँकेचीच बाजू उचलून धरली. नवऱ्याच्या बाबतीत हे झालं, तर दुकानातल्या अनोळखी कॅशियरच्या बाबतीत काय होईल?

कॅशियरच्या भीतीचं कारणही हेच आहे. आज त्यानं काकांचा पिन दाबला आणि पुढच्या आठवड्यात काकांच्या खात्यातून कुठूनही पैसे गेले, तर घरचे पहिला संशय कुणावर घेतील? म्हणून तो मान वळवतो, दोन पावलं मागे सरकतो. ग्राहकाला वाटतं, हा माजलाय.

पण इथं दुकानांनाही सोडता येणार नाही. अनेक ठिकाणी मशीन गल्ल्याला खेटून, तोंड कॅशियरकडे करून ठेवलेलं असतं. वायर हातभर. ग्राहकाला काउंटरवरून वाकून, अंदाजानं बटणं दाबावी लागतात. मग तो पिन सांगणार नाही तर काय करणार? ग्राहकाच्या हातात देता येईल असं बिनवायरचं मशीन आज सहज मिळतं. सेल्फीच्या आरशावर खर्च करणाऱ्या दुकानाला ते परवडत नाही, यावर विश्वास बसणं कठीण आहे.

दुसऱ्या टोकाला तरुण ग्राहक आहेत. त्यांचं कार्ड नुसतं मशीनवर टेकवलं की व्यवहार होतो. १ जानेवारी २०२१ पासून ५ हजार रुपयांपर्यंत त्यासाठी पिन लागत नाही. पण नव्या कार्डावर ही सोय ग्राहकानं स्वतः ॲपमधून किंवा बँकेत जाऊन सुरू करावी लागते. ती सुरू न करता पाच वेळा कार्ड टेकवून 'तुमचं मशीन खराब आहे' असं सांगणारे रोज भेटतात.

'पैसे कट झाले, तुम्ही नाही म्हणताय!'

काउंटरवरचं सगळ्यात मोठं भांडण या वाक्यावरून होतं. मोबाइलवर मेसेज आलाय, खात्यातून पैसे गेलेत. मशीनवर मात्र 'डिक्लाइन्ड' किंवा 'टाइम आउट'. ग्राहक मेसेज दाखवतो, कॅशियर स्लिप मागतो. दोघंही खरं बोलत असतात.

असं का होतं? कार्ड घातल्यावर मशीनकडून निरोप दुकानाच्या बँकेकडे जातो. तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेकडे. ती बँक पिन तपासते, शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि 'हो' म्हणते. हा होकार आल्या वाटेनं परत मशीनपर्यंत यावा लागतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. आता समजा, पैसे वजा झाले आणि होकार परत येताना वाटेत नेटवर्क तुटलं. ग्राहकाच्या बँकेच्या दृष्टीनं व्यवहार झाला, मशीनच्या दृष्टीनं झालाच नाही. ते पैसे दुकानाच्या खात्यातही आलेले नसतात. मधेच लटकलेले असतात.

यावर नियम स्पष्ट आहे, पण तो काउंटरवर कुणाला ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा झाली पाहिजे, तीही तक्रारीची वाट न बघता. दुकानात यूपीआयनं पैसे दिले आणि दुकानापर्यंत पोहोचले नाहीत, तर तिथंही हीच पाच दिवसांची मुदत आहे.

म्हणजे ग्राहकाचं भांडण त्याच्या बँकेशी असतं आणि तो भांडत असतो कॅशियरशी. पिशवी उचलून 'मेसेज आलाय, मी चाललो' म्हणत निघणारा ग्राहक स्वतःला प्रामाणिकच समजतो. पाच दिवसांनी त्याचे पैसे परत येतात. दुकानात परत येऊन बिल भरण्याची आठवण किती जणांना राहते, हे कॅशियरच्या वहीतल्या लाल शाईच्या नोंदी सांगतात.

'डिक्लाइन्ड'च्या स्लिपवर अनेकदा दोन आकडी कोड येतो. तो वाचता आला तर निम्मे वाद मिटतील. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ५५ म्हणजे पिन चुकला. ५४ म्हणजे कार्डची मुदत संपली. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. ९१ म्हणजे ग्राहकाच्या बँकेकडून उत्तरच येत नाही. ७५ आला तर पिन इतक्या वेळा चुकलाय की प्रयत्न संपले, आता कितीही दाबा.

यातला ६१ बस्त्याच्या बिलात हमखास येतो. ऊसाचं बिल खात्यावर जमा झालेलं असतं, शिल्लक भरपूर असते, पण कार्डाची दिवसाची खरेदी मर्यादा बँकेनं आधीच ठरवलेली असते. 'खात्यावर दोन लाख आहेत हो!' असं म्हणत पासबुक दाखवणाऱ्या शेतकऱ्याला ही मर्यादा कुणी सांगितलेलीच नसते. भरल्या दुकानात, व्याह्यांसमोर कार्ड नाकारलं जाणं हा त्याच्यासाठी अपमान असतो. अशा वेळी कॅशियरनं 'पैसे नाहीत तुमच्या खात्यात' असं ओरडून सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. कोड बघून हळू आवाजात 'लिमिट आहे मामा, बँकेला फोन लावा' म्हणता येतं.

चेक : 'तारीख तुम्हीच टाका'

यूपीआयच्या काळात चेक कोण देतं, असा प्रश्न पुण्या-मुंबईत पडू शकतो. पण यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे, कार्डाची मर्यादा वर आलीच. मोठा बस्ता त्यापुढे गेला की उरतो चेक.

मग सुरू होतात तऱ्हा. तारीख नसलेला चेक. रकमेत खाडाखोड करून बाजूला सही केलेला चेक. आकड्यात एक आणि अक्षरात दुसरीच रक्कम असलेला चेक. पूर्वी खाडाखोडीशेजारी सही केली की चालायचं, ती सवय जुन्या लोकांच्या हातात अजून आहे. आता चेकचा कागद बँकेतून बँकेत जात नाही, त्याचा स्कॅन केलेला फोटो जातो. त्या पद्धतीत तारीख सोडून इतर कुठलीही दुरुस्ती चालत नाही. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असला तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम ग्राह्य आहे. पण प्रत्यक्षात बँक असा चेक परतच पाठवण्याची शक्यता जास्त. तेव्हा नवा चेक लिहा, असं कॅशियर म्हणतो ते अडवणूक म्हणून नव्हे.

एका बाबतीत मात्र कॅशियर सर्रास चुकतो. 'मराठीत चालत नाही, इंग्रजीत लिहून आणा' असं तो सांगतो. मराठीत लिहिलेला चेक पूर्ण वैध आहे. इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची भाषा, तिन्हींतला चेक बँकांनी स्वीकारायचा असतो. 'एक लाख वीस हजार फक्त' असं स्वच्छ मराठीत लिहिणाऱ्या बाईंना मुलाला बोलवायला लावणं चूक आहे.

चेकची मुदत हाही घोळाचा मुद्दा. १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, सहा नव्हे. आणि 'पुढच्या महिन्याची तारीख टाकतो, तेव्हा भरा' हा तर कापड बाजाराचा जुना शिरस्ता. घाऊक व्यवहारात तो ओळखीवर चालतो. किरकोळ दुकानात तोच विश्वास मालकानं दाखवायचा आणि वसुलीला फोन कॅशियरनं करायचे, अशी वाटणी असते.

आता त्यात एक नवा बदल झालाय, जो फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटण्याची पद्धत बदलली. दिवसा ठरलेल्या वेळेत भरलेले चेक गठ्ठ्यानं थांबवून न ठेवता लगेच पुढे पाठवले जातात आणि चेक देणाऱ्याच्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. कळवलं नाही तर होकार धरला जातो.

वरवर ही चांगलीच बातमी आहे. पण 'आज चेक देतो, वटायला दोन दिवस लागतील, तोवर खात्यात पैसे भरतो' या हिशेबावर चेक देणारे पुष्कळ होते. त्यात लबाडी असतेच असं नाही. मार्केट यार्डातून कांद्याची पट्टी उद्या येणार असते, एवढंच. ते दोन दिवस आता राहिलेले नाहीत. सकाळी दिलेला चेक संध्याकाळी परत येऊ शकतो. चेक देताना त्या क्षणी खात्यात पैसे असलेच पाहिजेत, हे आता अक्षरशः खरं झालंय.

चेक परत आला की काय होतं? दोन्ही बाजूंच्या खात्यावर साधारणपणे शुल्क पडतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत दुकानानं लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेकही या कलमातून सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलंय.

कागदावर हे जबरदस्त वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयानंच एप्रिल २०२१ मध्ये नोंदवलेली आकडेवारी बघा. २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले चेक न वटल्याचे होते. बारा-पंधरा हजारांच्या बिलासाठी कुठलं दुकान या रांगेत उभं राहणार? म्हणून 'चेक चालत नाही' ही पाटी लागते, आणि पाटीवरचा राग पुन्हा कॅशियरलाच ऐकावा लागतो.

मोठ्या रकमेसाठी एनईएफटी हा सोपा मार्ग आहे. डिसेंबर २०१९ पासून ती सुविधा चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. घरातलं कुणी मोबाइल बँकिंग वापरत असेल तर चेकची गरजच उरत नाही. फक्त पैसे दुकानाच्या खात्यात दिसेपर्यंत थांबायची तयारी हवी.

शिल्लक असूनही चेक परत?

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि ठेवीदारांना फक्त १ हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. असे निर्बंध आले की खात्यात लाख रुपये असोत, मर्यादेपलीकडचा चेक वटत नाही. ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पण तो काउंटरवर उभं असताना कामाला येत नाही. सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात परत आलेला प्रत्येक चेक म्हणजे फसवणूक, असं समजणं म्हणूनच धोक्याचं आहे.

मालकांची चलाखी, कॅशियरच्या तोंडून

'कार्ड दिलं तर दोन टक्के जादा पडतील.' हे वाक्य कॅशियर बोलतो, पण ते त्याचं नसतं. डेबिट कार्डाच्या बाबतीत ते खरंही नसतं. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानाला कसलंच शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर मोठ्या दुकानाला जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि तेही एका व्यवहाराला हजार रुपयांच्या आत. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला तर ०.४० टक्केच. आणि हे शुल्क ग्राहकाकडून घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलेलं आहे. हे ठाऊक असलेला ग्राहक वाद घालतो तेव्हा तो बरोबर असतो. फक्त समोरच्याला बरोबर उत्तर द्यायची परवानगी नसते.

दुसरी चलाखी रोख रकमेची. बस्ता अडीच लाखांचा झाला की ग्राहक म्हणतो, 'दीड आज रोख घ्या, एक उद्या घ्या, बिलं दोन करा.' एप्रिल २०१७ पासून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला मनाई आहे आणि एकाच प्रसंगासाठीचे व्यवहार एकत्र धरले जातात. लग्न हा एकच प्रसंग. दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो पैसे घेणाऱ्याला. कॅशियर नाही म्हणतो, ग्राहक थेट मालकाकडे जातो आणि मालक हसून 'बघू की' म्हणतो. कॅशियर तेवढ्यापुरता खोटा पडतो.

रात्री साडेनऊनंतर

शटर अर्धं खाली आल्यावर मशीनचा दिवसभराचा हिशेब निघतो. समजा, बिलबुकाप्रमाणे कार्डाचे व्यवहार ६२ हवेत आणि मशीन ६१ दाखवतंय. तो एक म्हणजे 'मेसेज आलाय' म्हणून गेलेला ग्राहक. रक्कम २ हजार ३४०. बऱ्याच ठिकाणी ती सरळ पगारातून वळती होते.

कायदा असं सरसकट कापायला परवानगी देत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही नव्हती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही नाही. ज्या पैशांचा हिशेब देणं कामगारावर आहे, ते त्याच्याच हलगर्जीपणामुळे गेले असतील तरच कपात करता येते. त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. नेटवर्क तुटणं हा कॅशियरचा हलगर्जीपणा कसा, याचं उत्तर कुठल्याही मालकाला देता येणार नाही.

ग्राहकाकडे निदान तक्रारीचा रस्ता आहे. आधी स्वतःच्या बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कॅशियर यात कुठंच बसत नाही. बँकेच्या लेखी खातेदार दुकान आहे, तो नाही. त्याला तक्रार करायची तर ती मालकाविरुद्ध कामगार कार्यालयात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच काउंटरवर उभं राहायचं असतं.